राशीतल्या प्रत्येक भागाचा अर्थ कसा लावायचा: शेवटची क्रिया, एकक आणि रूप

प्रश्न असा आहे: बैजिक राशी दिली की किंमत काढता येते, विस्तार करता येतो, अवयवही पाडता येतात. पण एखादा प्रसंग देऊन ‘या राशीत ८० म्हणजे काय, कंसातला भाग काय दाखवतो’ असे विचारले की अडते. प्रत्येक भागाचा अर्थ लावण्याची ठरावीक रीत आहे का, की दर वेळी अंदाजच करायचा?

रीत आहे. पण त्याआधी एक फरक मनात पक्का हवा. राशीची किंमत आणि राशीचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत कोणत्याही रूपातून तीच येते. अर्थ मात्र राशी कोणत्या रूपात लिहिली आहे त्यावर अवलंबून असतो. ८०त − ४० आणि ८०(त − ०.५) यांची किंमत नेहमी सारखीच येणार, तरी दोन्ही राशी वेगवेगळी माहिती पुढे करतात. विस्तार आणि सरळरूप शिकताना ‘दोन्ही सारखेच’ यावर इतका भर पडतो की रूप बदलले की कोणती माहिती समोर येते आणि कोणती लपते, तिकडे लक्षच जात नाही. अडण्याचे मूळ बहुधा इथेच असते.

आता रीत. राशी समोर आली की पहिला प्रश्न: चलाची किंमत घालून हाताने आकडेमोड केली, तर सगळ्यात शेवटी कोणती क्रिया होईल? ती बेरीज किंवा वजाबाकी असेल तर राशी पदांची आहे, आणि प्रत्येक पद एकाच प्रकारच्या वस्तूचा एकेक हिस्सा आहे. ती गुणाकार असेल तर राशी अवयवांची आहे. तिथे ‘प्रत्येकी किती’ आणि ‘असे किती’ किंवा ‘लांबी’ आणि ‘रुंदी’ अशी जोडी शोधायची. शेवटची क्रिया भागाकार असेल तर राशी दर, सरासरी किंवा प्रमाण सांगते. एवढे ठरले की प्रत्येक तुकड्याला एकक लावायचे, आणि मग पुन्हा त्या तुकड्याच्या आत शिरून तोच प्रश्न विचारायचा. बाहेरून आत जायचे. बहुतेक जण डावीकडून उजवीकडे वाचत जातात आणि पहिला आकडा दिसला की त्यालाच चिकटतात.

एक उदाहरण जवळून पाहू. रिकाम्या टाकीत पंपाने पाणी भरले जात आहे आणि पंपाचा वेग कायम आहे. सकाळी ८ वाजल्यापासून किती तास झाले ते त मानू. टाकीतले पाणी, लिटरमध्ये, असे दिले आहे:

२०० + ८०(त − ३)

शेवटची क्रिया बेरीज. म्हणजे दोन पदे, आणि दोन्ही लिटरमध्येच असली पाहिजेत, कारण लिटरमध्ये लिटरच मिळवता येतात. २०० म्हणजे २०० लिटर. दुसरे पद गुणाकाराचे आहे: (त − ३) हे तास आहेत, तेव्हा गुणाकार लिटरमध्ये यायचा तर ८० ला ‘लिटर प्रति तास’ असेच एकक हवे. एककानेच सांगून टाकले की ८० हा भरण्याचा वेग आहे. (त − ३) म्हणजे ११ वाजल्यापासून झालेले तास. मग २०० म्हणजे काय? इथे हमखास चूक होते. ‘स्थिरपद म्हणजे सुरुवातीची किंमत’ हे पाठ झालेले असते, त्यामुळे ‘सुरुवातीला टाकीत २०० लिटर पाणी होते’ असे उत्तर येते. ताळा घ्या: त = ० ठेवले तर २०० − २४० = −४० येते, २०० नाही. २०० उरतात ते कंस शून्य होतो तेव्हा, म्हणजे त = ३ ला. तेव्हा ११ वाजता टाकीत २०० लिटर पाणी होते. स्थिर संख्येचा अर्थ नेहमी ‘बाकीचे पद शून्य होते त्या क्षणी’ असाच वाचायचा, आणि तो क्षण त = ० असेलच असे नाही.

आता याच राशीचा विस्तार करा: ८०त − ४०. इथे −४० हे खरेच त = ० ची किंमत आहे, पण टाकीत उणे ४० लिटर पाणी असू शकत नाही. मग तो आकडा निरर्थक का? नाही. पंप ८ वाजल्यापासून चालू असता तर ८०त लिटर पाणी भरले असते. प्रत्यक्षात त्यापेक्षा ४० लिटर कमी आहे. ४० लिटर म्हणजे या पंपाचे अर्ध्या तासाचे पाणी. पंप उशिरा सुरू झाला, त्या उशिरात जे पाणी यायचे राहिले, ते हे ४० लिटर.

आणि अवयव पाडले तर: ८०(त − ०.५). आता कंस थेट सांगतो की पंप प्रत्यक्षात किती तास चालला. तो साडेआठला सुरू झाला. हे पहिल्या रूपात कुठेच दिसत नव्हते. एकच राशी, तीन रूपे: एकात ठरावीक वेळेची नोंद, दुसऱ्यात उशिरामुळे पडलेली तूट, तिसऱ्यात सुरुवातीची वेळ. आणि ही राशी त ≥ ०.५ साठीच खरी आहे, तेही टाकी भरून वाहू लागेपर्यंत. अर्थ सांगताना ही मर्यादा लिहिणे हा उत्तराचाच भाग आहे.

एककाची ही कसोटी जुनी आहे. अक्षरांचे बीजगणित युरोपात रुळवणाऱ्या व्हिएतने १५९१ मध्ये नियमच घालून दिला होता की एका जातीच्या राशीत त्याच जातीची राशी मिळवावी: लांबीत लांबी, क्षेत्रफळात क्षेत्रफळ. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या बीजगणितात, बाराव्या शतकात, ५क्ष + ८ सारखी राशी ‘या ५ रू ८’ अशी मांडली जाई. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, जेवढे असेल तेवढे. ‘रू’ म्हणजे रूप, निखळ संख्या. दुसरे अव्यक्त आले तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे, आणि त्यांची पहिली अक्षरे. प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो कशाचा आकडा आहे याची चिठ्ठी, अगदी स्थिरपदालासुद्धा. आपल्या आजच्या लेखनात स्थिरपद उघडेबोडके उभे असते, म्हणून त्याची चिठ्ठी आपणच मनात लावायची.

दुसरे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ३० सेमी लांब आणि २० सेमी रुंद पुठ्ठा घेऊन चारही कोपऱ्यांतून क सेमी बाजूचे चौरस कापले आणि कडा वर दुमडल्या, तर वरून उघडा खोका तयार होतो. त्याचे घनफळ, घन सेमीमध्ये:

क(३० − २क)(२० − २क)

शेवटची क्रिया गुणाकार, तीन अवयव, तिन्ही सेमीमध्ये. सेमी तीनदा गुणले की घन सेमी. क ही खोक्याची उंची, कारण दुमडलेली कडा तेवढीच वर येते. ३० − २क ही तळाची लांबी. इथे २ का, हे हमखास विचारले जाते: दोन्ही टोकांना एकेक चौरस कापला म्हणून. ‘क चा सहगुणक २ आहे’ हे वर्णन झाले, अर्थ नव्हे. अर्थ ‘दोन टोके’ हा आहे. आणि क ० ते १० च्या दरम्यानच असू शकतो, कारण २० − २क धन राहिला पाहिजे. १५ ची मर्यादा ३० − २क वरून येते, पण त्याच्या आधी १० ची मर्यादा आडवी येते.

आता विस्तार:

६००क − १००क^२ + ४क^३

(घातांकासाठी मी इथे ^ हे चिन्ह वापरतो आहे.) पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते की विस्तार केला की अर्थ संपला, आता या पदांना काही अर्थ नाही. ते खरे नाही. ६०० हे अख्ख्या पुठ्ठ्याचे क्षेत्रफळ आहे, चौरस सेमीमध्ये. तेव्हा ६००क म्हणजे पुठ्ठ्याएवढ्याच तळाचा आणि क उंचीचा ठोकळा. खोका त्यापेक्षा लहान असतो, कारण चारही कडांना क रुंदीच्या पट्ट्या गेलेल्या आहेत. त्या पट्ट्यांवरचे ठोकळे वजा करायचे: ३०क^२ दोनदा, २०क^२ दोनदा, एकूण १००क^२. म्हणजे १०० ही पुठ्ठ्याची परिमिती झाली, सेमीमध्ये! पण कोपरा दोन्ही पट्ट्यांत मोजला गेला, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावरचा क^३ घनफळाचा ठोकळा दोनदा वजा झाला. चार कोपरे आहेत, म्हणून ४क^३ परत मिळवायचे. ६०० चौरस सेमी क्षेत्रफळ, १०० सेमी परिमिती, ४ ही कोपऱ्यांची नुसती संख्या. एकके बघा: चौरस सेमी × सेमी, सेमी × चौरस सेमी, नुसती संख्या × घन सेमी. तिन्ही पदे घन सेमीमध्ये. क = ५ घालून ताळा करा: ५ × २० × १० = १०००, आणि ३००० − २५०० + ५०० = १०००.

सहगुणकाला स्वतःचे एकक असते, ही गोष्ट या उदाहरणात लख्ख दिसते. ‘१०० हा सहगुणक आहे’ एवढ्यावर थांबू नका. १०० काय?

तापमानाच्या रूपांतरातही हेच, पण तिथला सापळा वेगळा आहे. सेल्सिअसचे फॅरेनहाइट करायला (९/५)से + ३२. ३२ म्हणजे ० अंश सेल्सिअसला फॅरेनहाइट मापावर दिसणारा आकडा. ९/५ म्हणजे सेल्सिअसचा एक अंश वाढला की फॅरेनहाइटचे १.८ अंश वाढतात. आता ‘तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, फॅरेनहाइटमध्ये किती वाढले?’ असे विचारले की १० घालून ५० काढणारे खूप असतात. वाढ म्हणजे दोन किमतींमधला फरक, आणि फरक घेताना ३२ मधून ३२ वजा होऊन जातात. वाढ १८ अंश. स्थिरपद मापाचा आरंभ कुठे आहे ते सांगते, बदलाशी त्याचा संबंध नाही. बदलाचा सगळा कारभार सहगुणकाकडे. उलट्या सूत्रात, (५/९)(फ − ३२) मध्ये, ३२ कंसात गेले आणि त्याची भूमिका बदलली: फ − ३२ म्हणजे गोठणबिंदूच्या किती अंश वर, फॅरेनहाइट अंशांमध्ये. आधी आरंभबिंदू जुळवला, मग अंशाचा आकार बदलला. कंस विसरून आधी ५/९ ने गुणले आणि नंतर ३२ वजा केले, तर फॅरेनहाइट अंशांचे ३२ सेल्सिअस अंशांतून वजा होतात. एककाची कसोटी इथेच धोक्याची घंटा वाजवते.

वर फेकलेल्या वस्तूची उंची हे सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू, हवेचा रोध सोडून देऊ. स सेकंदांनंतरची उंची, मीटरमध्ये:

२५ + २०स − ५स^२

२५: फेकताना वस्तू जमिनीपासून २५ मीटरवर होती. २०: फेकतानाचा वेग, मीटर प्रति सेकंद, वरच्या दिशेने. ५ बद्दल मात्र जपून. ‘५ म्हणजे गुरुत्व त्वरण’ हे उत्तर चूक आहे. एकक बरोबर (मीटर प्रति सेकंद वर्ग), आकडा अर्धा. ५ हे त्वरणाचे निम्मे आहे. निम्मे येते कारण खाली येण्याचा वेग शून्यापासून एकसारखा वाढत जातो, आणि स सेकंदांतला सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा असतो. त्यामुळे एकक जुळले म्हणून नाव जुळलेच असे समजू नये. एकक चुकीचे अर्थ गाळते, उरलेल्यांतून बरोबर अर्थ प्रसंगातूनच निवडावा लागतो.

पूर्ण पदांचा अर्थ तर आणखी सुंदर आहे. २०स म्हणजे गुरुत्वाकर्षण नसते तर वस्तू जेवढी वर गेली असती ती उंची. ५स^२ म्हणजे त्या काल्पनिक जागेपासून गुरुत्वाकर्षणाने तिला जेवढे खाली ओढले ते अंतर. ‘२०स ही वस्तूची उंची’ असे लिहिले तर अर्थ मोडतो. ते उंचीतले एक योगदान आहे.

याच राशीचे वर्ग पूर्ण करून ४५ − ५(स − २)^२ असे रूप होते. वर्ग कधीच ऋण नसतो, म्हणून दुसरे पद फक्त उंची कमीच करू शकते. कमाल उंची ४५ मीटर, ती २ सेकंदांनी. (स − २) म्हणजे सर्वोच्च बिंदूपासूनचे सेकंद, आणि वर्गामुळे २ सेकंदांच्या आधीचा एक सेकंद आणि नंतरचा एक सेकंद सारखेच ठरतात: १ सेकंदाला आणि ३ सेकंदांना उंची ४० मीटरच. अवयव पाडले तर ५(५ − स)(स + १). स = ५ ला वस्तू जमिनीवर. (स + १) ला बहुतेक जण ‘ऋण वेळ, सोडून द्या’ म्हणतात. सोडायचे ते उत्तर म्हणून. पण त्याला अर्थ आहे: हीच वस्तू एक सेकंद आधी जमिनीवरून ३० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकली असती, तर बरोबर या क्षणी ती २५ मीटरवर २० मीटर प्रति सेकंद वेगाने जात असती. या मार्गाचा मागचा भाग आपल्या प्रसंगात नाही, एवढेच.

बेरजेच्या राशीत कोणते पद केव्हा भारी पडते हे पाहणेही अर्थ लावण्याचाच भाग आहे. वाहन थांबायला लागणारे अंतर, मीटरमध्ये, १.५व + व^२/१० असे धरू, व हा वेग मीटर प्रति सेकंदात. १.५ हे सेकंद आहेत: चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ. छेदातले १० म्हणजे मंदनाची, म्हणजे ब्रेक लागल्यावर वेग कमी होण्याच्या दराची, दुप्पट; मंदन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. वेग १० असताना १५ + १० = २५ मीटर. वेग २० असताना ३० + ४० = ७० मीटर. वेग दुप्पट, पहिले पद दुप्पट, दुसरे चौपट. चालकाची सावधगिरी पहिल्या पदातला १.५ कमी करते, ब्रेक आणि टायर दुसऱ्या पदातला छेद वाढवतात. कोणता आकडा कशाने बदलतो हे विचारले की अर्थ आपोआप स्पष्ट होतो.

आता भागाकार. छपाई यंत्राच्या तयारीला ४५ मिनिटे लागतात आणि मग प्रत्येक प्रतीला अर्धे मिनिट. न प्रतींसाठी (४५ + ०.५न)/न. अंशात एकूण मिनिटे, छेदात प्रती, तेव्हा राशी ‘मिनिटे प्रति प्रत’. न उडवून ४५ + ०.५ करणे ही नेहमीची बीजगणितातली चूक आहे, पण अर्थ लावणाऱ्याला ती लगेच पकडता येते: तसे असते तर एक हजार प्रती काढल्या काय किंवा एक काढली काय, प्रत्येकीला ४५.५ मिनिटे लागली असती. पदे वेगळी केली तर ०.५ + ४५/न. ४५/न म्हणजे तयारीच्या वेळेचा एका प्रतीच्या वाट्याला आलेला हिस्सा. न = ९० ला तो अर्धा मिनिट, न = ९०० ला ०.०५ मिनिट. सरासरी ०.५ कडे सरकत राहते, पण ०.५ होत कधीच नाही.

मिश्रणातही हीच रीत. २० टक्के तीव्रतेच्या ३ लिटर द्रावणात ५० टक्क्यांचे क लिटर मिसळले: (०.६ + ०.५क)/(३ + क). वर शुद्ध पदार्थाचे लिटर, खाली एकूण लिटर. ०.५क ला ‘५० टक्के’ म्हणू नका. ते क लिटरमधले शुद्ध पदार्थाचे लिटर आहेत. टक्केवारी फक्त पूर्ण भागाकाराला. आणि भागाकारात भागाकार आला, जसे जायचे यायचे अंतर सारखेच अ किमी, जाताना वेग ताशी ६० किमी आणि येताना ताशी ४० किमी असताना सरासरी वेग २अ/(अ/६० + अ/४०), तर सगळ्यात आतल्या तुकड्याला आधी नाव द्या: अ/६० म्हणजे जाण्याचे तास, अ/४० येण्याचे तास. मग वर एकूण अंतर, खाली एकूण वेळ. उत्तर ४८ येते, ५० नाही, कारण सावकाश प्रवासात जास्त वेळ जातो.

घातांकाच्या राशींत सगळ्यात जास्त गफलत होते. म(१.०६)^न, न वर्षे. म हे न = ० चे मूळ मूल्य. १.०६ म्हणजे ‘१०६ टक्के वाढ’ नव्हे आणि १.०६ हा वाढीचा दरही नव्हे. तो दरवर्षी लागणारा गुणक. त्याला १ + ०.०६ असे फोडून वाचा: १ म्हणजे जे होते ते सगळे जपून ठेवले, ०.०६ म्हणजे त्यावर नव्याने आलेली भर. याच न्यायाने ०.८५ म्हणजे दरवर्षी १५ टक्के घट, ८५ टक्के नाही. ८५ टक्के उरते. २० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट म्हणजे १.२ × ०.८ = ०.९६, म्हणून मूळ जागेवर परत येत नाही.

घातांक हा नेहमी नुसती संख्या असतो, त्याला एकक नसते. ‘गुणक किती वेळा लागला’ एवढेच तो सांगतो. किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा पदार्थ उरायला लागणारा वेळ, सुमारे ८ दिवस आहे. द दिवसांनंतर उरलेले प्रमाण म(१/२)^(द/८). इथे ८ दिवस, द दिवस, भागाकार एककरहित: किती अर्धायुकाल उलटले. २४ दिवसांत तीन, म्हणून १/८ उरते. ‘८ ने भागले म्हणून पदार्थ ८ पट कमी होतो’ असा अर्थ लावणारे चुकतात, कारण त्यांनी घातांकातला भागाकार आणि पायातला गुणक यांची सरमिसळ केली. घातांकात काय भागले ते वेळेचा टप्पा सांगते, पाया त्या टप्प्यात काय होते ते.

रूप बदलले की इथेही नवी माहिती मिळते. (१.०६)^न हे (१.०६^(१/१२))^(१२न) असे लिहिता येते. १२न म्हणजे महिने. कंसातला पाया सुमारे १.००४८७. म्हणजे वर्षाला ६ टक्के देणारी महिन्याची वाढ ०.४८७ टक्के, सरळ ६ भागिले १२ करून येणारी ०.५ टक्के नाही. महिन्याला ०.५ टक्के खरोखर लागली तर वर्षाला सुमारे ६.१७ टक्के होते.

एक चूक अशी आहे जी अक्षरामुळेच होते. ‘एका शिक्षकामागे सहा विद्यार्थी’ हे समीकरणात लिहा म्हटले की ६व = श लिहिणारे खूप निघतात. ‘सहा विद्यार्थी, एक शिक्षक’ असे ते व आणि श वाचतात. पण व म्हणजे विद्यार्थी नव्हे, विद्यार्थ्यांची संख्या. विद्यार्थी जास्त आहेत, तेव्हा छोट्या संख्येला, श ला, ६ ने गुणून व मिळायला हवा: व = ६श. शब्दांचा क्रम जसाच्या तसा उतरवला की असे होते. वर मीही त तासांसाठी आणि स सेकंदांसाठी वापरला. सोयीचे असते, पण ‘त म्हणजे तास’ असे कधी म्हणू नका. ‘त म्हणजे ८ वाजल्यापासून झालेल्या तासांची संख्या’ असे पूर्ण म्हणा. कशाची संख्या, कुठपासून मोजलेली, कोणत्या एककात, या तीन गोष्टी चलाच्या व्याख्येत हव्यात. ‘कुठपासून’ गळले की टाकीच्या उदाहरणात २०० चा अर्थ चुकणारच.

उत्तर लिहिताना बीजगणिताचे शब्द वाक्यातून काढून टाका. ‘८० हा त चा सहगुणक असून तो पाण्याचे प्रमाण दाखवतो’ यात माहिती जवळजवळ नाही. ‘टाकीतले पाणी दर तासाला ८० लिटरने वाढते’ हे उत्तर. आकडा, एकक, कशाला काय होते, आणि लागेल तिथे केव्हापासून. ‘वाढते’ आणि ‘आहे’ यांत निवड नीट करा: दर वाढतो-घटतो असा सांगायचा, साठा आहे-होता असा.

सरावासाठी एक फार उपयोगी व्यायाम: राशीतला एकच आकडा बदला आणि प्रसंगात काय बदलले ते सांगा. टाकीच्या २०० + ८०(त − ३) वर तो करून बघा. २०० चे २४० केले: ११ वाजता ४० लिटर जास्त, वेग तोच, म्हणजे पंप बरोबर ८ वाजता सुरू झाला. ८० चे १०० केले: ११ वाजता तेवढेच २०० लिटर, पण पंप जास्त वेगाने चालला, तेव्हा तो उशिरा, १० ला... थांबा, नीट बघा: २०० लिटर भरायला १०० च्या वेगाने २ तास, म्हणजे ९ वाजता सुरू झाला. घाईत उत्तर सांगितले की असे घसरते, म्हणून प्रत्येक बदलानंतर राशी शून्य कधी होते ते काढून बघायचे. ३ चे ४ केले: तीच टाकी, तोच पंप, सगळा प्रकार एक तास उशिरा, सुरुवात साडेनऊला आणि २०० लिटर दुपारी १२ वाजता.